कॅमेलिया दारात बसली

आमच्या घराचं पुढचं दार जवळजवळ तीन महिने बंद होतं आणि त्या तीन महिन्यांत आम्ही तिघंही घरातच होतो. हे वाक्य मी आजवर पोस्टात, विभाग कार्यालयात, एका कंपनीच्या फोनवर आणि सख्ख्या बहिणीसमोर उच्चारलं आहे. चारही ठिकाणी ऐकणाऱ्याने असा काही चेहरा केला की पुढचं वाक्य बोलायची माझी इच्छाच मेली. म्हणून आता सगळं पहिल्यापासून सांगतो. मध्ये कुणी बोलू नये.

मी नर्सरीत गेलो होतो ते कुंड्यांखाली ठेवायच्या ताटल्या आणायला. चार ताटल्या. एवढंच. पण नर्सरीच्या कोपऱ्यात, अर्ध्या पिंपाएवढ्या सिमेंटच्या कुंडीत एक झुडूप उभं होतं. माझ्या खांद्याइतकं उंच, पानं इतकी चकचकीत की कुणीतरी सकाळपासून एकेक पान पुसत बसलंय असं वाटावं. फांद्यांच्या टोकांना वाटाण्याएवढ्या हिरव्या कळ्या.

"कॅमेलिया आहे ती," नर्सरीवाला म्हणाला. "फार मानी झाड."

"फुलं येतात?"

"येतात की. पण माणूस धीराचा लागतो." आणि त्याने मला चपलेपासून चष्म्यापर्यंत एकदा पाहिलं. "तुम्ही ताटल्या न्यायला आलात ना?"

आता सांगा, मी ताटल्या घेऊन घरी गेलो असतो, तर आरशात तोंड कसं पाहिलं असतं?

संध्याकाळी टेम्पो आला. तीन हमालांनी कुंडी उतरवली, फाटकातून आणली, पायऱ्या चढवल्या आणि व्हरांड्यात, पुढच्या दाराला लागून, धप्पकन ठेवली. मी म्हटलं, जरा डावीकडे घ्या. ते म्हणाले, अजून दोन ठिकाणी जायचंय. आणि गेले.

"दारात कशाला ठेवलीत?" आमच्या हिने विचारलं. ही त्या वेळी माझ्या शेजारी, म्हणजे दाराच्या बाहेर, उभी होती. हा तपशील महत्त्वाचा आहे.

"दोन मिनिटांचं काम. तू तिकडून लाव जोर."

आम्ही दोघांनी जोर लावला. कुंडी दोन बोटं सरकली. चुकीच्या बाजूला. आमच्या घराला दोन दारं आहेत, आतलं लाकडी, ते आत उघडतं, आणि बाहेरचं जाळीचं, ते बाहेर उघडतं. सरकवण्याआधी जाळीचं दार वीतभर तरी उघडलं असतं. सरकवल्यावर ते चार बोटं उघडायला लागलं. चार बोटांतून आमची कन्या ठकी आतून आम्हाला बघत होती. नोकरीच्या मुलाखती देणारी मोठी मुलगी आहे, पण घरात ठकीच.

"बाबा, गॅसवर दूध आहे. बंद करू का तुम्ही येताय?"

आम्ही येत नव्हतो. आमच्या घराच्या मागे स्वयंपाकघराचं दार, त्यापुढे भांडी घासायची जागा, मग कमरेपेक्षा जरा उंच भिंत आणि भिंतीपलीकडे मोजणीसाहेबांचं आवार. मोजणीसाहेब म्हणजे जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्या संध्याकाळी आम्ही गल्लीला वळसा घालून त्यांच्या फाटकातून आत शिरलो, त्यांच्याकडून स्टूल मागितलं आणि भिंत ओलांडून स्वतःच्या घरात उतरलो. उद्या चार माणसं बोलावून कुंडी हलवू, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंडीखाली चार कळ्या पडलेल्या होत्या.

मी नर्सरीवाल्याला फोन लावला. "सरकवलीत का?" त्याने अशा आवाजात विचारलं की मला पोलीस चौकीत बसल्यासारखं वाटलं. "कळ्या धरल्यावर कॅमेलियाला जागेवरून हलवायचं नसतं. तोंड जरी फिरवलंत तरी रुसते ती. सगळ्या कळ्या टाकेल. आता फुलेपर्यंत हात लावू नका."

"फुलेपर्यंत म्हणजे?"

"अडीच महिने. तीन धरा."

फोन ठेवून मी हिच्याकडे पाहिलं. वाटलं, ही आता कुऱ्हाड मागणार. पण ही खिडकीतून त्या कळ्यांकडे बघत होती. "चार गेल्या बिचाऱ्या," ही म्हणाली. "राहू दे. आपण मागून जाऊ-येऊ. तीन महिने काय, बघता बघता जातील."

ज्यांनी रोज भिंत ओलांडलेली नाही, त्यांनाच महिने बघता बघता जातात असं वाटतं. पण ते पुढे.

कॅमेलिया आल्याची बातमी गल्लीत पसरली आणि सल्ल्यांना सुरुवात झाली. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने पहिल्याच दिवशी निदान केलं, "इथे नाही जगायची." का, ते सांगितलं नाही. औषधवाले कारण सांगत नाहीत, फक्त दिवसातून तीनदा म्हणतात. समोरच्या शाळामास्तरांनी सांगितलं की हिला आंबट माती लागते, तेव्हा मुळाशी लिंबू पिळावं. नळाचं पाणी घालायचं नाही, त्यात चुना असतो, पावसाचंच पाणी हवं, हे खुद्द नर्सरीवाल्याचं. सुदैवाने पावसाचं पाणी आमच्या पिंपात साठलेलं होतं. दुर्दैवाने ते पिंप मागे होतं आणि झाड पुढे. म्हणजे तांब्याने पाणी घेऊन भिंत चढायची, मोजणीसाहेबांच्या आवारातून, गल्लीला वळसा घालून आपल्याच फाटकातून आत यायचं. पोहोचेपर्यंत निम्मं पाणी माझ्या पँटवर. ते पाहून शाळामास्तरांच्या वर्गातली मुलं जे काही बोलली ते मी इथे लिहीत नाही.

मग कुणीतरी शोध लावला की कॅमेलिया ही चहाच्या झाडाची सख्खी चुलत बहीण. त्यामुळे तिला वापरलेली चहाची पत्ती फार मानवते. झालं. सकाळ-संध्याकाळ लोक आपापल्या घरचा चोथा वाटीत घेऊन येऊ लागले. फाटकातून यायचं, चोथा टाकायचा, कळ्या मोजायच्या आणि जाळीच्या दारातून आत वाकून "कशी आहे आता?" असं विचारायचं. आतून आम्ही "बरी आहे" म्हणायचं. आठवड्याने कुंडीत मुंग्या झाल्या. मुंग्या कुंडीतून दारात, दारातून दिवाणखान्यात आणि दिवाणखान्यातून माझ्या चष्म्याच्या घरात. गल्लीतला चहा भलताच गोड आहे हे मला तेव्हा कळलं. त्या भरात आणखी सहा कळ्या गळाल्या. चोथाबंदी जाहीर करावी लागली. तीन घरांनी आमच्याशी बोलणं सोडलं.

इकडे मोजणीसाहेबांच्या मनात वेगळाच किडा वळवळायला लागला होता. पंधराव्या दिवशी मी भिंतीवरून उतरत असताना ते कागद घेऊन उभे. एक पाय स्टुलावर, एक हवेत, अशा अवस्थेत माणसाशी कायद्याचं बोलू नये, पण ते बोलले.

"तुमच्याबद्दल शंका नाही. पण उद्या तुम्ही म्हणालात की हा आमचा वहिवाटीचा रस्ता, तर मी काय करायचं? तीस वर्षं मी हेच खटले पाहिलेत. सुरुवात सगळ्यांची स्टुलापासूनच होते."

कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'लिहून देतो की, सदर आवारातून जाण्यायेण्याची मुभा ही केवळ फुले उमलेपर्यंत असून त्यावरून खाली सही करणार यास, त्याच्या वंशजांस वा सदर झाडास कोणताही हक्क प्राप्त होणार नाही.' मी भिंतीवर कागद ठेवून सही केली. वंशजांतर्फे ठकीनेही केली. झाडाची सही राहू द्या म्हणाले.

ऑफिसातही माझी अब्रू राहिली नाही. मी अभिलेख विभागाचा प्रमुख आहे. जुने कागद जिथले तिथे ठेवणं हे माझं काम आणि तेवढ्यावर माझा रुबाब. पण मोजणीसाहेबांच्या आवारात कपड्यांच्या तीन दोऱ्या आहेत, आणि त्यांखालून वाकून जावं लागतं. एकदा मी मोठ्या साहेबांसमोर अर्धा तास अहवाल वाचून दाखवला. साहेब अधूनमधून मान हलवत होते. शेवटी म्हणाले, "अहवाल चांगला आहे. तुमच्या कॉलरला तो लाल चिमटा आहे, तो काही नवीन पद्धत आहे का?"

पोस्टमन मात्र समजूतदार निघाला. चार बोटांच्या फटीतून तो पत्र आत सरकवायचा. रजिस्टर आलं की मी जमिनीवर बसून फटीतून हात बाहेर काढायचो आणि त्याने धरलेल्या कागदावर अंदाजाने सही करायचो. अशाच एका दुपारी ठकीच्या नोकरीचं पत्र आलं. मोठी कंपनी, चांगली जागा, गाव इथून चौदा तासांवर. महिनाअखेरीस हजर व्हायचं, तत्पूर्वी राहत्या पत्त्याची खातरजमा होईल.

त्या दिवशी आम्ही खूप आनंदात होतो. ठकी नाचली. ही म्हणाली, "चौदा तास म्हणजे काय फार नाही." मग ही झाडाला पाणी घालायला गेली, ती बराच वेळ आली नाही.

खातरजमेचा माणूस दोन दिवसांनी आला. आला तेव्हा मी ऑफिसात, ठकी बाजारात. त्याने घंटा वाजवली. ही आतून ओरडली, "मागून या!" तो मागे गेला. तिथे मोजणीसाहेब आरामखुर्चीत बसलेले. त्याने विचारलं, ते लोक इथे राहतात का? मोजणीसाहेबांनी आयुष्यात कधी चुकीची नोंद दिलेली नाही. आठवड्याने कंपनीकडून त्याच्या अहवालाची जी प्रत आली तीत लिहिलं होतं: 'उमेदवार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही. घराच्या दारात झाड उगवलेले असून ते बरेच जुने दिसते. आतून बाईचा आवाज येतो, बाई दिसत नाही. मागील बाजूच्या वृद्ध गृहस्थांनी, "इथून नुसते जातात-येतात, हक्क काही नाही," असे सांगितले.'

मी कंपनीला फोन केला. या गोष्टीतलं पहिलं वाक्य मी तेव्हा प्रथम उच्चारलं. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, विभाग कार्यालयाचा रहिवासी दाखला आणा, महिनाअखेरपर्यंत, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल.

"मग हलवू या कुंडी," मी घरात म्हटलं.

"आणि कळ्या?" ही म्हणाली. "एकतीस राहिल्यात. रंग दिसायला लागलाय टोकाला. आता हलवायची म्हणजे... दाखल्याचं बघा ना आधी तुम्ही. होईल तोही."

"तेही खरंच," मी म्हटलं. ठकीने एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि कळ्या मोजायला जाळीच्या दाराशी जाऊन बसली.

विभाग कार्यालयात खिडकीपलीकडे एक कारकून होता. एका कानाने तो माझं ऐकत होता आणि दुसऱ्या कानाला त्याने फोन लावला होता.

"राहता का तुम्ही तिथे?"

"राहतो."

"मग दार बंद का?"

"कॅमेलिया दारात आहे. तिला हलवता येत नाही."

"किती दिवस आहे?"

"अडीच महिने होत आले. फार नाजूक आहे. हात लावला की रुसते."

कारकुनाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच माणुसकी आली. "घरोघरी असतं हो," तो म्हणाला. "पण असं बघा, तुम्ही राहता हे मला कबूल. प्रश्न असा आहे, की तुम्ही कुठून राहता? फॉर्ममध्ये मुख्य प्रवेशद्वार भरावं लागतं. पुढचं लिहिलं तर ते बंद. मागचं लिहिलं तर तिथे भिंत, आणि भिंतीपलीकडे दुसऱ्याचं आवार. म्हणजे कागदोपत्री तुम्ही घरात आहात, पण गेलेले नाही आहात."

"मग?"

"पाहणी करावी लागेल. निरीक्षक येतील." आणि फोनवर बोलता बोलता त्याने कागदावर बरंच काही लिहिलं. मी ते वाचून घ्यायला हवं होतं. अभिलेख विभागाच्या माणसाने न वाचता सही केली, ही माझी चूक.

निरीक्षक यायचा तो दिवस आणि माझी अक्का आली तो दिवस एकच निघाला. अक्का माझी थोरली बहीण. मोठ्या इस्पितळात तीस वर्षं मेट्रन होती. तिच्या आवाजाने शुद्धीवर आलेली माणसं अजून तिला पत्रं पाठवतात. भाचीला नोकरीला जाण्याआधी भेटावं म्हणून ती न कळवता निघाली. फाटकातून आली, घंटा वाजवली, "मागून या" ऐकलं, मागे गेली, आणि एक अक्षर न बोलता मोजणीसाहेबांच्या स्टुलावर चढून भिंतीवर बसली. तिथे तिचा गुडघा धरला.

मी धावत बाहेर आलो. अक्का भिंतीवर बसलेली, एक पाय इकडे, एक पाय तिकडे, पर्स मांडीवर. "धाकट्या," ती म्हणाली, "मला आता इकडेही उतरता येत नाही आणि तिकडेही. पाच मिनिटं कुणी हात लावायचा नाही."

तेवढ्यात मोजणीसाहेबांच्या फाटकातून निरीक्षक शिरला. हातात फाईल. त्याने भिंतीवरच्या अक्काकडे पाहिलं, फाईलकडे पाहिलं, आणि हात जोडले.

"कमलाबाई आपणच का?"

"कोण कमलाबाई?" अक्का म्हणाली.

"हे बघा बाई, तुमची जी काय तक्रार असेल ती लेखी द्या. वरिष्ठांपर्यंत पोहोचवतो. पण असं तीन तीन महिने लोकांच्या दारात बसायचं, हात लावला की रुसायचं, हे बरं दिसतं का? दारातून उठून भिंतीवर आलात, हे चांगलंच झालं. आता खालीही या. एका मुलीच्या नोकरीचा प्रश्न आहे."

मी निरीक्षकाच्या हातातली फाईल बघितली. कारकुनाने लिहिलं होतं: 'श्रीमती कमला नावाच्या नाजूक प्रकृतीच्या बाई अर्जदाराच्या दारात ठाण मांडून बसल्या असून हलण्यास तयार नाहीत. सबब पाहणी करणे व समजूत काढणे.'

"कॅमेलिया!" मी ओरडलो. "झाड आहे ते! झाड!"

"कुणाच्या मुलीच्या नोकरीचा प्रश्न?" अक्काने विचारलं. तिचा तो आवाज मी लहानपणापासून ओळखतो. मी पिंपाचं झाकण नीट बसवायला लागलो. निरीक्षकाने मात्र सगळी फाईल पहिल्या पानापासून मोठ्याने वाचून दाखवली. खातरजमा, अहवाल, महिनाअखेर, सगळं. महिनाअखेरीला चार दिवस राहिले होते.

अक्काचा गुडघा त्या वाचनात मोकळा झाला असावा. मोजणीसाहेबांनी शिडी आणली, ती त्यांच्या बाजूला उतरली आणि तरातरा गल्लीला वळसा घालून आमच्या पुढच्या दारात जाऊन उभी राहिली. मागोमाग निरीक्षक, मोजणीसाहेब आणि आम्ही. ही आधीपासून व्हरांड्यात पानं पुसायला आली होती. ठकी जाळीच्या दाराच्या आत.

"हलव," अक्का म्हणाली.

"अक्का, कळ्या पडतील गं."

"किती आहेत?"

"एकतीस."

अक्काने कळ्यांकडे बघितलं नाही. आमच्याकडे बघितलं. "धाकट्या, तीस वर्षं मी माणसांना इस्पितळातून घरी सोडलंय. ज्यांना सोडायचं नसतं ते काय काय कारणं काढतात, मला पाठ आहे. मला एवढंच सांगा. तुम्हा दोघांना हलवायचं नाही ते झाड, की पोरगी?"

निरीक्षक फाईल चाळायला लागला. ही हातातल्या ओल्या फडक्याने एकच पान पुसत राहिली. ते पान आधीच स्वच्छ होतं. मी कुंडीच्या काठावरची मुंगी झटकली.

"आत्या, त्यांनाच नको बोलूस," जाळीच्या आतून ठकी म्हणाली. "मीही कुठे म्हटलं हलवा म्हणून. मला तर... दार बंद होतं ते बरंच वाटत होतं." आणि ती रडायला लागली. मग ही रडायला लागली. चार बोटांच्या फटीतून ठकीने हात बाहेर काढला आणि हिने तो दोन्ही हातांत धरला. मध्ये कुंडी.

"रडून झालं की सांगा," अक्का म्हणाली. "गोणपाट आहे का घरात?"

पुढचं काम मोजणीसाहेबांनी हाती घेतलं. त्यांना ती तीस वर्षं वाट पाहिलेली संधी असावी. त्यांनी घरून होकायंत्र, फीत आणि खडू आणला. झाडाच्या सर्वांत मोठ्या कळीचं तोंड नेमकं कुठे आहे ते वहीत टिपलं, फरशीवर रेघ मारली. "तीन फूट डावीकडे. पण तोंड फिरता कामा नये. एक अंशही नाही!" निरीक्षकाने बाह्या सरसावल्या. कुंडीखाली गोणपाट सारलं. मी, ही, निरीक्षक ओढायला, मोजणीसाहेब होकायंत्र घेऊन पुढे, आणि अक्का पायरीवर उभी राहून "श्वास घ्या... आता जोर! जोर!" असं ओरडत. तिने आयुष्यभर दुसऱ्या प्रसंगी वापरलेल्या या सूचना आहेत, पण लागू पडल्या. कुंडी सरकली. एक फूट, दोन फूट, तीन.

"थांबा!" मोजणीसाहेब आनंदाने वळले आणि त्यांच्या कोपराने एक कळी टप्पकन खाली पडली.

मोजणीसाहेबांनी कळी उचलली. "नोंद करा," ते निरीक्षकाला पडलेल्या आवाजात म्हणाले. "माझ्याकडून झाली."

जाळीचं दार सबंध उघडलं. ठकी बाहेर आली आणि हिच्या गळ्यात पडली. निरीक्षकाने नियमाप्रमाणे आम्हा सगळ्यांना एकेकदा दारातून आत जाऊन बाहेर यायला लावलं, अक्कालाही, आणि फाईलवर लिहिलं, 'पाहणीसमयी दार उघडे, वापर चालू. श्रीमती कमला यांनी स्वखुशीने जागा सोडली.' मी दुरुस्ती करायला सांगितली. तो म्हणाला, आता दुरुस्ती केली तर पुन्हा पाहणी लागेल. मी दुरुस्ती मागे घेतली.

संध्याकाळपर्यंत आम्ही कुंडीभोवती बसून होतो. एकही कळी पडली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी नर्सरीवाल्याला फोन केला. "तीन फूट?" तो म्हणाला. "एवढ्यानं काय होतंय? मी म्हटलं ते उन्हातून सावलीत नेऊ नका असं. आधीच्या पडल्या त्या टेम्पोत हिसके बसून." हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. हिला तर नाहीच.

दाखला मिळाला. ठकी गेली. बॅग घेऊन पुढच्या दारातून, तीन पायऱ्या उतरून, फाटकातून, अगदी सरळ रस्त्याने. इतक्या सरळ रस्त्याने की निरोप द्यायला फार वेळच मिळाला नाही.

तिच्या जाण्यानंतर बाराव्या दिवशी पहिलं फूल उमललं. तळव्याएवढं, गुलाबी, पाकळीवर पाकळी अशी रचलेली की कुणीतरी पट्टी घेऊन बसलंय असं वाटावं. आठवड्यात वीसेक फुलली. सबंध गल्ली लोटली. चोथाबंदीवरून बोलणं सोडलेली तिन्ही घरं आली. औषधवाला आला, म्हणाला, "मी म्हटलंच होतं, जगेल." मग त्याने वाकून फुलाला नाक लावलं, पुन्हा लावलं, आणि माझ्याकडे बघितलं.

"वास?"

शाळामास्तरांनी नाक लावलं. अजून मुक्कामाला असलेल्या अक्काने लावलं. शेवटी मोजणीसाहेब चष्मा काढून वाकले, डावीकडून हुंगलं, उजवीकडून हुंगलं, आणि ताठ उभे राहून म्हणाले, "निरंक."

कॅमेलियाला वास नसतो. तीन महिन्यांत हे एकालाही ठाऊक नव्हतं, आणि नर्सरीवाल्याला कुणी विचारलं नव्हतं.

त्याच दुपारी ठकीचा फोन आला. फोटो पोहोचले होते. नव्या खोलीत तिने एक भिंतीवर लावलाही होता. बरोबरच्या मुलींना सगळी गोष्ट सांगितली, सगळ्या हसून हसून लोळल्या म्हणाली. मग आवाज जरा बारीक करून तिने विचारलं, "आई, वास कसा आहे गं?"

हिने माझ्याकडे पाहिलं. मी हिच्याकडे पाहिलं.

"अगं, काय सांगू," ही म्हणाली. "सकाळी उठलं की घरभर नुसता घमघमाट." आणि फोन घाईघाईने माझ्या हातात कोंबला.

"बाबा? खरंच?"

अभिलेख विभागात मी अठ्ठावीस वर्षांत एकही खोटी नोंद केलेली नाही. मी फोन घेऊन व्हरांड्यात गेलो. सगळ्यांत मोठ्या फुलात नाक खुपसलं. नीट, मनापासून, दोनदा. ओल्या मातीचा थोडासा वास आला.

"तुझी खोली कुठल्या बाजूला आहे?" मी विचारलं.

"का? बहुतेक पश्चिमेला."

"मग खिडकी उघड. वारा तिकडेच चाललाय."

ती हसली. पण मग फोनच्या पलीकडे चपलांचा आवाज आला, आणि खिडकीची कडी सरकवल्याचा.